रायगड किनाऱ्यावरील सार्वजनिक आरोग्य संशोधन : कौशल्य, संस्था आणि कारकीर्द – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

आधुनिक भारतातील आरोग्याचा इतिहास लिहिताना साथीचे रोग, वसाहतकालीन कायदे, रुग्णालयांची स्थापना आणि शासकीय योजना यांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने जाते. आरोग्यविषयक ज्ञान कोणी निर्माण केले, ते निर्माण करण्याचे कौशल्य त्यांना कोठे मिळाले आणि त्या कौशल्याच्या आधारे त्यांना आयुष्यभराची कारकीर्द उभी करता आली काय, हे प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतात. विकसनशील देशांच्या संदर्भात हे प्रश्न विशेष महत्त्वाचे ठरतात. कारण ज्या प्रदेशात रोगाचे ओझे अधिक, त्याच प्रदेशात संशोधकांची संख्या अल्प, अशी विसंगती या देशांत दीर्घकाळ दिसून येते.

प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १ जानेवारी १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, अनुभवावरून या प्रश्नाचा विचार केला आहे. मुंबईच्या समोरच असलेल्या या जिल्ह्यात सत्तरच्या दशकात आरोग्य संशोधनाचे दोन भिन्न प्रयोग जवळजवळ एकाच वेळी सुरू झाले. एक अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात, तर दुसरा महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. पहिला संस्थेचा प्रयोग होता, दुसरा एका व्यक्तीचा. दोहोंतून मौलिक ज्ञान निर्माण झाले. परंतु जिल्ह्यात संशोधनाची स्थायी परंपरा निर्माण झाली नाही. असे का घडले, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) मांडवा व महाड येथील आरोग्य संशोधनाचा ऐतिहासिक आढावा घेणे, (२) संशोधन-कौशल्याची जडणघडण कोणत्या परिस्थितीत झाली हे तपासणे, (३) कौशल्य आणि कारकीर्द यांतील अंतराची कारणमीमांसा करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, प्रकाशित वैद्यकीय लेखन, समित्यांचे अहवाल व धोरणविषयक साहित्य यांचा आधार घेतला आहे. तुलनेसाठी याच जिल्ह्यातील एका जुन्या वैज्ञानिक संस्थेचे उदाहरण प्रथम विचारात घेणे उपयुक्त ठरेल.

अलिबागची वेधशाळा : नोंदीच्या परंपरेचा दाखला

मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. शहरात विजेवर चालणारी ट्राम आणण्याचे ठरताच या नोंदींमध्ये व्यत्यय येणार हे स्पष्ट झाले. तत्कालीन संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली वेधशाळेचे हे काम अलिबागला हलविण्यात आले. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्या परस्परांशी ताडून पाहिल्या गेल्या आणि मगच मुंबईतील काम थांबविण्यात आले. नोंदीची साखळी तुटू नये, एवढ्यासाठी घेतलेली ही काळजी होती. या काळजीचे मोल पुढे सिद्ध झाले. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड चुंबकीय वादळाची कुलाबा येथे झालेली नोंद २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी पुन्हा अभ्यासली आणि त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज बांधला.

हे उदाहरण आरोग्याचे नाही, हे खरे. तथापि त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रायगडच्या किनाऱ्यावर शतकभर अखंड वैज्ञानिक काम चालणे अशक्य नव्हते. वेधशाळेला इमारत होती, मंजूर पदे होती आणि एक निरीक्षक निवृत्त झाला की त्याच्या जागी दुसरा येत होता. निरीक्षण करणाऱ्याची बुद्धिमत्ता असामान्य असावी, अशी अट तेथे नव्हती. काम सातत्याने व्हावे, एवढीच अपेक्षा होती. जिल्ह्यातील माणसाच्या शरीराविषयीच्या नोंदींना मात्र असा आधार कधीच लाभला नाही.

मांडवा प्रकल्प : संस्था घडली, भूमी सुटली

डॉ. नोशीर अंतिया (१९२२–२००७) हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील नामवंत प्लास्टिक सर्जन. कुष्ठरुग्णांच्या विकृत झालेल्या हातापायांवरील शस्त्रक्रियांमुळे त्यांची ख्याती झाली. शस्त्रक्रियेने एका रुग्णाचा हात सुधारतो. परंतु तो रोग ज्या गावातून येतो त्या गावाचे काय, या प्रश्नाने ते सामाजिक आरोग्याकडे वळले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी मांडवा परिसरातील खेड्यांत काम सुरू केले आणि १९७५ मध्ये ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ ही संस्था स्थापन केली.

या प्रकल्पाचे गृहीतक साधे, पण त्या काळात धाडसाचे होते. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रीला योग्य प्रशिक्षण दिले, तर गावातील बहुतांश आजारांची प्राथमिक काळजी ती घेऊ शकते, असे ते गृहीतक होय. केंद्र शासनाची ग्राम आरोग्यसेवक योजना २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झाली, तर अल्मा-आटा येथील जागतिक परिषद १९७८ मध्ये भरली. मांडव्यातील स्त्रिया त्याआधीच काम करू लागल्या होत्या. जामखेड येथे आरोळे दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या कामाप्रमाणेच मांडव्याचा अनुभवही पुढील आरोग्यविचाराला पायाभूत ठरला. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद व भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाने १९८१ मध्ये ‘सर्वांसाठी आरोग्य : एक पर्यायी व्यूहरचना’ या आशयाचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्या अभ्यासगटात डॉ. अंतिया यांचा सहभाग होता.

तथापि मांडवा प्रकल्प त्या भूमीत टिकला नाही. गावातील स्त्री औषध देते येथवर कोणाची हरकत नव्हती. ती प्रश्न विचारू लागली, आरोग्य केंद्राच्या कामाची चौकशी करू लागली, तेव्हा स्थानिक सत्तासंबंधांना धक्का बसला. विरोध वाढत गेला आणि संस्थेला मांडव्यातून माघार घ्यावी लागली. पुढे तिने पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात परिंचे परिसरात काम उभे केले.

संशोधन-कौशल्याच्या दृष्टीने मात्र या संस्थेचे योगदान मोठे आहे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र व वैद्यक या शाखांतील तरुणांना तिने सर्वेक्षण, खर्चाचे विश्लेषण व अहवाललेखन यांचे प्रत्यक्ष शिक्षण दिले. जळगाव जिल्ह्यातील कुटुंबांच्या आरोग्यखर्चाचा १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हे त्याचे ठळक फळ होय. आजारपणाचा बहुतांश खर्च कुटुंबे स्वतःच्या खिशातून करतात, हे वास्तव या प्रकारच्या अभ्यासांमुळे आकडेवारीनिशी समोर आले. या संस्थेत काम केलेले रवी दुग्गल व अमर जेसानी यांसारखे अभ्यासक पुढे १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘सेहत’ या मुंबईतील संशोधन केंद्राच्या उभारणीत अग्रभागी होते. म्हणजेच मांडव्यातून पेरलेले बी रुजले, वाढले. पण ते मुंबई-पुण्यात. रायगडच्या वाट्याला त्यातून संशोधकाचे एकही स्थायी पद आले नाही.

बिरवाडी ते महाड : प्रश्नाने घडविलेला संशोधक

दुसरा प्रयोग कोणत्याही संस्थेने आखलेला नव्हता. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात जन्मलेले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. या कालखंडाचे भान ठेवणे आवश्यक आहे. तो आणीबाणीचा काळ होता. सक्तीच्या कुटुंबनियोजनाचे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने त्याच वर्षी संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, ही गोष्ट वेगळी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कामाचे मोजमाप त्या वेळी शस्त्रक्रियांच्या उद्दिष्टांवरून होत असे. विंचवाने किती माणसे मेली, हा आकडा कोणाच्याही उद्दिष्टात नव्हता.

कोकणातील लाल विंचू, शास्त्रीय नाव मेसोब्युथस टॅम्युलस, हा जांभ्या दगडाच्या गडग्यांत, लाकूडफाट्यात, पेंढ्यात व घराच्या भेगांत राहतो. त्याच्या कोकणी उपजातीला पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने १९०० मध्ये कोकणाचेच नाव दिले. म्हणजे प्राणिशास्त्राला हा विंचू चांगला परिचित होता. वैद्यकाला त्याच्या विषावरील उपाय मात्र ठाऊक नव्हता. दंश झालेल्या रुग्णाला वेदनाशामके, स्टिरॉइड, ॲट्रोपिन, गुंगीच्या औषधांचे मिश्रण असे नाना उपचार दिले जात. तरीही अनेक रुग्ण, विशेषतः लहान मुले, फुप्फुसात पाणी भरून दगावत. गंभीर विषबाधा झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० ते ४० टक्के इतके होते. पाठ्यपुस्तकांत या विषयाला फारशी जागा नव्हती. कारण पाठ्यपुस्तके जेथे लिहिली जात, तेथे हा विंचू नव्हता.

डॉ. बावस्कर यांनी केलेली पहिली गोष्ट म्हणजे रुग्णाच्या उशाशी बसून केलेली नोंद. दंशानंतर उलटी केव्हा झाली, घाम किती आला, हातपाय कधी गार पडले, मुलग्यांमध्ये लिंगाचा ताठरपणा आढळतो काय, नाडी व रक्तदाब कसे बदलत गेले, याचे टिपण त्यांनी ठेवले. या टिपणांतून एक क्रम स्पष्ट झाला. उलटी, भरपूर घाम व ताठरपणा ही लक्षणे हृदयावर होणाऱ्या परिणामाची पूर्वसूचना देतात, हे त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. ही पदव्युत्तर पदवी घेऊन ते पुन्हा रायगड जिल्ह्यात परतले आणि पुढे महाड येथे त्यांनी रुग्णालय सुरू केले. विंचवाच्या विषामुळे मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडेच राहतात, शरीरात ॲड्रिनलिनसदृश द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर असह्य ताण पडतो. हा ताण उतरविण्यासाठी त्यांनी प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. परंतु हे औषध शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि त्यासाठी सतत रक्तदाब पाहावा लागतो. अतिदक्षता विभाग नसलेल्या खेड्यात ते कसे परवडणार? त्यामुळे तोंडावाटे देता येणारे व स्वस्त असे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध त्यांनी वापरले. त्याविषयीचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. या लेखनात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा सहलेखिका म्हणून सातत्याने वाटा राहिला. प्राझोसिनचा वापर रूढ झाल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे १ टक्क्यापर्यंत खाली आले.

या कथेचा उत्तरार्ध संशोधनवृत्तीच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. हाफकिन संस्थेच्या परंपरेतून विंचूदंशावरील प्रतिविष उपलब्ध झाल्यानंतर, ते खरोखर आवश्यक आहे काय, असा प्रश्न उभा राहिला. प्राझोसिनशी ज्यांचे नाव जोडले गेले होते, त्यांनीच ही चाचणी हाती घेतली. महाडच्या रुग्णालयात ७० रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने ३५-३५ च्या दोन गटांत विभागणी केली. एका गटाला केवळ प्राझोसिन, तर दुसऱ्याला प्राझोसिनसोबत प्रतिविष देण्यात आले. १० तासांत पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण दुसऱ्या गटात ९१.४ टक्के, तर पहिल्या गटात २२.९ टक्के आढळले. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याच उपायाच्या मर्यादा आपणच मोजून जगापुढे मांडणे, ही संशोधकाची खरी कसोटी होय. ती कसोटी एका तालुक्याच्या गावी उतरली. पुढे २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

व्यापक संदर्भ

याच काळात जागतिक पातळीवर संशोधनक्षमतेचा विचार सुरू झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १९७५ मध्ये उष्णकटिबंधीय रोगांवरील संशोधन व प्रशिक्षणाचा विशेष कार्यक्रम स्थापन झाला. मलेरिया, हत्तीरोग, कुष्ठरोग, काळा आजार अशा निवडक रोगांसाठी विकसनशील देशांतील संशोधकांना त्यातून प्रशिक्षण मिळू लागले. या यादीत विंचूदंश नव्हता. आरोग्य संशोधनविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० मध्ये, विकसनशील देशांनी राष्ट्रीय आरोग्यखर्चाच्या किमान २ टक्के रक्कम संशोधन व संशोधनक्षमता यांवर खर्च करावी, अशी शिफारस केली. भारताच्या २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही २०१० पर्यंत २ टक्क्यांचे ध्येय ठेवले होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधनवृत्ती १९७९ मध्ये सुरू केली. मात्र ती विद्यार्थ्यांसाठी होती. आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी तशी शिडी नव्हती.

महाराष्ट्रातीलच गडचिरोलीचे उदाहरण येथे तुलनेसाठी घेता येईल. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. ग्रामीण स्त्रियांच्या स्त्रीरोगांवरील त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये, तर घरोघरी नवजात बालकांच्या काळजीचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तेथे औपचारिक प्रशिक्षण, संस्था आणि स्थानिक भूमी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. मांडव्याला प्रशिक्षण व संस्था लाभली, भूमी सुटली. महाडला भूमी लाभली, औपचारिक प्रशिक्षण व संस्था नव्हती.

कौशल्य आणि कारकीर्द यांतील अंतर

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, संशोधन-कौशल्य आणि संशोधनाची कारकीर्द या दोन स्वतंत्र बाबी आहेत. कौशल्य हे प्रश्न, चिकाटी व नोंदवही यांतून घडू शकते. महाड हे त्याचे प्रमाण आहे. कारकीर्द मात्र व्यक्तीच्या इच्छेवर उभी राहत नाही. तिच्यासाठी पद, वेतन, वेळ, मार्गदर्शक आणि उत्तराधिकारी यांची व्यवस्था लागते.

बिरवाडीतील वैद्यकीय अधिकाऱ्याने ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला काय किंवा न लिहिला काय, आरोग्य केंद्राच्या रचनेत त्यामुळे कोणताही बदल होणार नव्हता. १९४६ च्या भोर समितीच्या शिफारशींतून आणि १९५२ नंतरच्या सामुदायिक विकास कार्यक्रमातून उभे राहिलेले प्राथमिक आरोग्य केंद्र हे सेवेचे व उद्दिष्टपूर्तीचे ठिकाण मानले गेले. ज्ञाननिर्मितीचे ठिकाण म्हणून त्याची कल्पनाच झाली नाही. तेथील नोंदवह्या वर पाठविण्यासाठी भरल्या जात; त्या वाचून प्रश्न विचारणे हे कोणाचेही काम नव्हते. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांच्या बढतीसाठी पुढे शोधनिबंधांची अट आली. परंतु ज्याच्यापुढे रोजचा रुग्ण आहे, त्या अधिकाऱ्यासाठी संशोधनाचा मार्ग मोकळा झाला नाही.

येथे एका प्रचलित धारणेचाही विचार करणे आवश्यक आहे. महाडच्या कार्याचे वर्णन बहुधा एका असामान्य माणसाची जिद्द म्हणून केले जाते. हा गौरव यथार्थच आहे. परंतु त्यात एक धोका आहे. असामान्यतेचा गौरव केला की सामान्य व्यवस्थेची जबाबदारी आपोआप हलकी होते. एका व्यक्तीने साधनांविना काम केले, म्हणून साधनांची गरजच नाही, असा निष्कर्ष कोणी उघडपणे काढत नाही; आचरणात मात्र तोच काढला जातो. अलिबागच्या वेधशाळेला कोणी असामान्य निरीक्षक लाभेपर्यंत थांबावे लागले नाही. विंचूदंशाच्या रुग्णांना मात्र थांबावे लागले, आणि त्या प्रतीक्षेची किंमत मृत्यूंच्या रूपाने मोजली गेली.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात :

१. रायगड जिल्ह्यातील आरोग्य संशोधन स्थानिक प्रश्नातून जन्मले. बाहेरून आलेल्या कार्यक्रमांच्या यादीत नसलेला प्रश्नही जागतिक ज्ञानात भर घालू शकतो, हे महाडने दाखविले.

२. मांडवा प्रकल्पाने संशोधक घडविले. तथापि स्थानिक सत्तासंबंधांच्या विरोधामुळे त्या संशोधकांची कारकीर्द जिल्ह्याबाहेर बहरली. संशोधनक्षमतेचा प्रश्न केवळ प्रशिक्षणाचा नसून स्थानिक लोकशाहीचाही आहे.

३. सातत्यपूर्ण नोंद ही संशोधनाची पहिली पायरी होय. तिला पदांचा व संस्थेचा आधार मिळाला, तर ती व्यक्तीच्या पलीकडे टिकते.

४. औपचारिक प्रशिक्षण, स्थायी संस्था व स्थानिक भूमी या तिन्हींचा संयोग झाल्याखेरीज कौशल्याचे रूपांतर कारकिर्दीत होत नाही.

समारोप

अलिबाग येथे २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे वैद्यकाचे विद्यार्थी, अध्यापक आणि किनाऱ्यावरील गावांतील रुग्ण एकाच ठिकाणी येत आहेत. या महाविद्यालयाने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील अधिकाऱ्यांना संशोधनाचे सहभागी मानले, त्यांच्या नोंदवह्यांचे एकत्रित वाचन सुरू केले आणि इतिहास, समाजशास्त्र व अर्थशास्त्र या विषयांच्या स्थानिक महाविद्यालयीन अध्यापकांना त्यात सामील करून घेतले, तर मांडवा व महाड यांचे तुटलेले धागे जुळू शकतील. शेतमजूर स्त्रीला भात कापताना झालेला सर्पदंश, कोळीवाड्यातील आजार, औद्योगिक वसाहतींलगतच्या गावांतील श्वसनाच्या तक्रारी, असे कितीतरी प्रश्न नोंदीची वाट पाहत आहेत. त्यांपैकी प्रत्येक प्रश्नाला एक बावस्कर भेटेलच, या भरवशावर राहणे कोणत्याही समाजाला परवडणारे नाही. ती नोंद घेणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले, सन्मानाचे व वेतनाचे काम असले पाहिजे.